जुनी बॉक्सटर घ्यायची आहे: २००८ की २००९? (नागपुरात चालवायची आहे)

संत्रा_बर्फी | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

वय ४३, मुक्काम त्रिमूर्तीनगर. घरात एक डिझेल एसयूव्ही आणि बायकोची अॅक्टिव्हा. कॉलेजात असताना सीताबर्डीच्या फूटपाथवर जुनं परदेशी मोटारमासिक मिळालं होतं, त्यात चंदेरी, दोन सीटच्या, छत उघडणाऱ्या पोर्शे बॉक्सटरचा फोटो होता. ते पान अजून कपाटात आहे. यंदा गृहकर्ज फिटलं, पोरीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला काढले, आणि जे उरलं त्यात जुनी बॉक्सटर बसते. बायको 'हो' म्हणाली आहे. पुन्हा विचारलेलं नाही.

दोन गाड्या नजरेत आहेत.

पहिली मुंबईत. २००८, २.७ इंजिन, मॅन्युअल, ५२ हजार किमी, दुसरा मालक. सर्व्हिसच्या पावत्यांची जाडजूड फाइल आहे म्हणे. फोटोत बंपरवर ओरखडे दिसतात.

दुसरी इथेच, नागपुरात, एका एजंटकडे. २००९, ऑटोमॅटिक, फक्त १९ हजार किमी, पिवळी, चकाचक. पाच लाख जास्त सांगतो. त्याचं म्हणणं, "सर, दोन हजार नऊपासून इंजिनच नवीन आलं, जुन्याचा प्रॉब्लेम यात नाही." शनिवारी वर्धा रोडला चालवून पाहिली. पाचव्या गिअरला गेल्यावर जो आवाज आला, तो ऐकून मी तिथेच चेक फाडणार होतो.

प्रश्न एवढाच: एका वर्षासाठी पाच लाख जास्त द्यावेत का?

तर्री_कम | रविवार, रात्री १०:२०

इतक्या पैशात बेसाला प्लॉट येते भाऊ.

संत्रा_बर्फी | रविवार, रात्री १०:२३

प्लॉटचं छत उघडत नाही.

तर्री_कम | रविवार, रात्री १०:२४

प्लॉटले छतच नसते ना बे. 😄

जुना_इंजिनवाला | रविवार, रात्री ११:०५

एजंट जे बोलला ते अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरंच महागात पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॉक्सटरची पहिली पिढी ९८६, साधारण १९९६ ते २००४. दुसरी ९८७, २००५ ते २०१२. या जुन्या इंजिनांत एक मधला शाफ्ट असतो. क्रँकवरून फिरणं घ्यायचं आणि चेननं कॅमशाफ्टला द्यायचं, हे त्याचं काम. त्याच्या एका टोकाला, फ्लायव्हीलच्या बाजूला, एक बंद बेअरिंग बसवलंय. जगभर त्याला आयएमएस बेअरिंग म्हणतात. आत ग्रीस भरून सील केलेलं. कालांतराने सील दमतं, ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग खडखडायला लागतं आणि एक दिवस फुटतं. चेनचं टायमिंग गेलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पुढे दुरुस्तीची चर्चा नसते, दुसऱ्या इंजिनाची असते.

आता साल. १९९९ पर्यंत दुहेरी ओळीचं बेअरिंग होतं, ते बरं. २००० ते २००५ च्या सुमारास एकेरी, लहान. सगळ्यात जास्त रडारड त्याची. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला तोही २००१ ते २००५ च्या गाड्यांचा. २००६ ते २००८ मध्ये बेअरिंग मोठं केलं. ते क्वचित जातं, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बाहेरच निघत नाही, एवढी त्याची खोड. बरेच मेकॅनिक क्लचच्या कामाच्या वेळी त्याचं बाहेरचं सील काढून टाकतात, म्हणजे इंजिनाचंच ऑइल त्याला मिळत राहतं. २००९ च्या मॉडेलपासून मात्र इंजिनाची रचनाच बदलली. तो मधला शाफ्टच नाही, मग बेअरिंग कुठलं?

तेव्हा २००९ ची गाडी खरोखर २००९ ची असेल, तर पाच लाखांत निदान ही एक झोप विकत मिळते. पण 'खरोखर' हा शब्द नीट वाचा.

धंतोलीचा_सुज्ञ | रविवार, रात्री ११:३०

वाचनखूण साठवली. घेणार काही नाही, स्वप्नात उपयोगी पडेल.

ईस्ट४९ | सोमवार, सकाळी ७:४०

एवढा व्याप कशाला? स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस घ्या. २०१७ ची २३० हॉर्सपॉवरवाली किंवा २०२० ची २४५ वाली. चार माणसं बसतात, डिकीत सिलिंडर मावतं, रस्त्यावर कुणी वळून पाहत नाही आणि सिग्नलला भल्याभल्यांना मागे टाकते. २४५ वाल्या भारतात २०० च आल्या, म्हणून भाव चढा. माझ्या मते २३० च बरी.

सालाचा मुद्दा मात्र लाखमोलाचा. माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय होती, २०१४ ची. सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मे महिन्यात व्हेरायटी चौकाच्या जाममध्ये पाना लागला डॅशबोर्डवर, गाडी न्यूट्रलमध्ये, मागे बसवाला हॉर्न वाजवून राहिला. मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारं युनिट, गेलं. २०२० मध्ये त्याच पोलोत साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक आला. बॅज तोच, बोनेट तेच. दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर शेजाऱ्याला फरक कळणार नाही, खिशाला कळेल.

संत्रा_बर्फी | सोमवार, सकाळी ८:०२

ईस्ट४९, चार माणसं बसतात हाच तर त्या गाडीचा दोष आहे.

सदाशिव_पेठी | सोमवार, सकाळी ९:१५

नागपूरच्या उन्हात छत उघडी गाडी? डिसेंबरचे पंधरा दिवस चालवणार आणि उरलेलं वर्ष झाकून ठेवणार?

फुटाळा_वॉक | सोमवार, सकाळी ९:२१

आमच्याकडे निदान पंधरा दिवस रस्ता तरी मोकळा असतो हो. हलके घ्या.

बर्फीदादा, एक विचारू? नागपूरची गाडी 'पाचव्या गिअरला गेल्यावर' असं लिहिलंत. पाचव्याच्या पुढे गेली का?

संत्रा_बर्फी | सोमवार, सकाळी ९:४४

नाही. एअरपोर्टपर्यंतचा पूर्ण मोकळा पट्टा होता. मीटरमध्ये ५ च दिसत होता. स्टिअरिंगवरचं बटण दाबूनही पाहिलं, वर गेला नाही. का?

फुटाळा_वॉक | सोमवार, सकाळी ९:५८

कारण २००९ च्या मॉडेलला ऑटोमॅटिकमध्ये पीडीके हा दोन क्लचचा नवा गिअरबॉक्स आला. त्याला सात गिअर. पाच गिअरचा ऑटोमॅटिक म्हणजे आधीचा टिपट्रॉनिक. तो नव्या इंजिनाबरोबर आलाच नाही.

तर्री_कम | सोमवार, सकाळी १०:०१

अरे बापरे. पॉपकॉर्न आणून राहिलो.

रामदासपेठ_रेसर | सोमवार, सकाळी १०:१०

पण २.७ मॅन्युअललाही मुळात पाचच गिअर यायचे, सहावा वेगळे पैसे देऊन. एवढ्यावरून एजंटला खोटं कसं ठरवता?

फुटाळा_वॉक | सोमवार, सकाळी १०:१३

मुंबईची मॅन्युअल आहे. मी पिवळीबद्दल बोलतेय, ती ऑटोमॅटिक. दोन पेडल, पाच गिअर. खोटंच असं नाही, तो आरसीवरचं नोंदणीचं साल सांगत असेल. २००८ मध्ये बनून आली, शोरूममध्ये उभी राहिली, २००९ मध्ये पासिंग झालं. आपल्याकडे सर्रास होतं. 'कधी बनली', 'कधी पासिंग झाली' आणि 'कोणत्या मॉडेल वर्षाची' या तीन गोष्टी निराळ्या आहेत, आणि एजंट तिघींतली सगळ्यात तरुण सांगतो.

जुना_इंजिनवाला | सोमवार, दुपारी १२:३५

फुटाळा_वॉक, माझ्या नजरेतून निसटलं होतं. शाब्बास.

बर्फी, खात्री करायला दोन मिनिटं लागतील. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून चासी नंबर दिसतो, सतरा अक्षरं-आकडे. डावीकडून दहावं मोजा. ८ असेल तर २००८ चं मॉडेल, ९ असेल तर २००९, इंग्रजी 'ए' असेल तर २०१०. (पुढे बी, सी, डी. आय, ओ, क्यू गाळतात.) हे पोर्शेला लागू आहे. प्रत्येक देशी गाडीला हाच नियम लावू नका, इथले काही कारखाने सालाचं अक्षर दुसरीकडे घालतात.

अकरावं अक्षरही बघा. 'यू' असेल तर गाडी फिनलंडमध्ये बनलेली. बॉक्सटर बरीच वर्षं तिथल्या उसिकाउपुंकी गावातही जोडत असत. काही बिघडत नाही, फक्त 'जर्मनीत बनलेली' म्हणून मित्रांत मिरवताना जपून.

सदाशिव_पेठी | सोमवार, दुपारी १२:५०

गावाचं नाव एका दमात म्हणता आलं तर गाडी निम्म्या किमतीत द्यायला हवी.

न्यूजर्सी_नागपूरकर | सोमवार, रात्री ९:०५

इकडे बसून वाचतोय. इथे अशा बजेटमध्ये लोक डोळे मिटून माझदाची मिआटा घेतात, तीही छत उघडणारी. भारतात ती कधी विकलीच नाही, वाईट वाटतं. एखादी जुनी इथून पाठवावी म्हणून मध्ये चौकशी केली होती. कळलं की तीन वर्षांहून जुनी गाडी आणता येत नाही, उजव्या हाताचं स्टिअरिंग हवं, आणि ड्युटीचा आकडा ऐकून फोन ठेवला.

नागपुरात असताना बर्डीवरून सायकलने कॉलेजला जायचो. तुमच्या त्या फूटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडूनच मीही मासिकं घ्यायचो बहुतेक.

ईस्ट४९ | सोमवार, रात्री ९:३०

पोर्शेचं अधिकृत वर्कशॉप नागपुरात नाही, हे कुणी बोललंच नाही. बिघडली की मुंबई. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. मजेत जाल, पण फ्लॅटबेडवर.

रामदासपेठ_रेसर | सोमवार, रात्री ९:५२

माझ्या मामेभावाची गोष्ट सांगतो, त्याच्याकडे याच पिढीची आहे. लग्नसराईत दीड महिना गाडी उभी. बॅटरी झोपली. बॅटरी कुठे? पुढच्या डिकीत. डिकी उघडते कशी? विजेवर. म्हणजे बॅटरीपर्यंत जायला बॅटरी पाहिजे. घरातली चार कर्ती माणसं गाडीभोवती उभी, काकांनी स्क्रूड्रायव्हर आणला, कुणी म्हणे काच फोडू. शेवटी आत पायापाशी फ्यूजच्या डब्यात बाहेर ओढायचं एक टोक निघालं. त्याला दुसऱ्या गाडीवरून करंट दिला तेव्हा कुठे डिकीने 'टक' केलं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे म्हणे. मॅन्युअल डिकीत होतं.

तर्री_कम | सोमवार, रात्री ९:५५

शेवटल्या वाक्यावर लोटपोट.

संत्रा_बर्फी | मंगळवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत जाऊन आलो. एजंट चहा सांगायला आत गेला तेवढ्यात काचेत डोकं घातलं. दहावा आकडा ८. तीनदा मोजला, बोट ठेवून.

आरसीवर उत्पादन २००८, नोंदणी २००९. विचारलं तर म्हणतो, "पेपरवर दोन हजार नऊच धरतात सर."

म्हणजे दोन्ही गाड्या २००८ च्याच, आणि मी पाच लाख कशाचे देणार होतो? पिवळ्या रंगाचे?

पण १९ हजारच चाललीय, हा मुद्दा उरतोच ना? की तोही गेला?

जुना_इंजिनवाला | मंगळवार, दुपारी २:४८

तो मुद्दा तर आधी जायला हवा होता.

सतरा वर्षांत १९ हजार म्हणजे महिन्याला शंभर किलोमीटरही नाही. या इंजिनाला उभं राहणं मानवत नाही. ऑइल खाली उतरून बसतं, सील वाळतात, ओलावा साचतो. नेमाने चालणाऱ्या गाड्यांची ती बदनाम बेअरिंगंसुद्धा जास्त टिकलेली दिसतात. त्यात आपला मे महिना, पंचेचाळीसच्या वर पारा आणि पत्र्याची शेड. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी तडकते, नळ्यांचं रबर कडक होतं.

आणि १९ हजार हे खरेच का? इंजिनाच्या कॉम्प्युटरात एकूण किती तास चाललं ते नोंदलेलं असतं. लॅपटॉपला केबल लावून वाचता येतं. किलोमीटरला तासांनी भागा. शहरात चाललेल्या गाडीची सरासरी ताशी पंचवीस-तीसच्या आसपास येते. फारच कमी आली, तर एक तर मालक एसी लावून आत बसून राहायचा, नाही तर मीटर मागे फिरलंय.

शिवाय: टायरच्या बाजूला चार आकडे असतात, तो बनल्याचा आठवडा आणि साल. पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत टॉर्च मारा, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत पाला साचतो, ओला होऊन धातू खातो. छत उघडून पाणी जायच्या नळ्या बघा, सीटखालचा गालिचा हाताने दाबून बघा. सुरू करताना पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि थांबेना, तर ऑइल सेपरेटर गेलेला. आणि घेण्याआधी ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघायला सांगा. धातूची चकाकी दिसली की नमस्कार करून परत या.

अजनी_लोको | मंगळवार, दुपारी ३:२०

कुणी कागदांचं बोला. गाडीला पंधरा वर्षं झालीत म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, हे पहिलं पाहा. इम्पोर्टेड मोटारीची त्याची फी ४०,००० आहे, साध्या मोटारीसारखी ५,००० नव्हे. वीस वर्षं पूर्ण झाली की ८०,०००, हे २०२५ च्या ऑगस्टपासून. फिटनेस, हरित कर निराळे. दोन्ही गाड्या महाराष्ट्राच्या आहेत ते बरं, परराज्यातली असती तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागला असता. दिल्लीच्या स्वस्त जाहिराती पाहून उड्या मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० वर सही करणारा माणूस आरसीवरचाच असू द्या, 'त्याचा भाऊ' नको.

सदाशिव_पेठी | मंगळवार, दुपारी ३:३४

आणि ई२० पेट्रोल? २००८ च्या गाडीला?

तर्री_कम | मंगळवार, दुपारी ३:३६

इथेनॉलचा विषय नागपूरच्या धाग्यावर काढू नका भाऊ, धागा राजकारणात हलवावा लागेल.

रामदासपेठ_रेसर | मंगळवार, सायंकाळी ६:१०

मी अजूनही म्हणतो, दोन्ही सोडा आणि खरी २००९-१० ची पीडीके वाली शोधा. सहा महिने थांबा.

जुना_इंजिनवाला | मंगळवार, सायंकाळी ६:४०

थांबायची तयारी असेल तर चूक नाही. २.९ इंजिन त्यात छान, साधं आहे. पण पीडीके बिघडला तर बहुतेक वेळा अख्खा बदला म्हणतात, आणि त्याचा आकडा ऐकला की आयएमएस घरचं वाटायला लागतं. नवं साल आलं की जुना आजार जातो, नवा येतो. २.७ मॅन्युअलची एक जमेची बाजू: सिलिंडरला ओरखडे पडण्याचा जो त्रास ३.४ लिटर इंजिनवाल्यांना होतो, तो यात क्वचितच.

फुटाळा_वॉक | मंगळवार, रात्री ८:१५

अनुमोदन. माझं मत मुंबईच्या ओरखडेवालीला. ५२ हजार किमी आणि फाइल. ओरखडे पडलेत म्हणजे ती कुठेतरी जात-येत होती.

संत्रा_बर्फी | पुढचा रविवार, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो, शनिवारी एका स्वतंत्र मेकॅनिककडून तपासून घेतली.

चासीचा दहावा आकडा ८, आरसीवर २००८, मालकानेही २००८ च सांगितलं. एवढ्यानेच निम्मा पाघळलो.

इंजिनाचे तास साधारण दोन हजार. भागाकार मेकॅनिकसमोरच मोबाइलवर केला, ताशी २६. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "साहेब, तुम्ही कुठल्या कंपनीत?" म्हटलं, नागपूरच्या धाग्यावर.

फिल्टर कापला. कागदाच्या घड्या एकेक करून पांढऱ्या फडक्यावर पसरल्या, टॉर्च मारून वाकून पाहिल्या. काळं ऑइल, बाकी काही नाही. २०१९ मध्ये क्लच बदलला तेव्हाच बेअरिंगचं सील काढल्याची पावती फाइलमध्ये आहे. नूतनीकरण झालंय, पावती आहे. पहिल्या मालकाने तर टायरमध्ये हवा भरल्याच्या तारखासुद्धा लिहून ठेवल्यात. देव त्याचं भलं करो.

दोष: कूलंटची टाकी तडकलीय, हिरवट पांढरा थर दिसतो. बंपरच्या उजव्या तोंडातून मी स्वतः मूठभर पाला काढला. छताच्या एका नळीतून पाणी सावकाश जातं. टायर चारही २०१६ चे, नक्षी अगदी नव्यासारखी, पण रबर म्हातारं. या सगळ्याचे मिळून दीड लाख तोडले आणि टोकन देऊन आलो.

नागपूरच्या एजंटचा आज फोन होता, पाचाचे तीन लाख जास्त चालतील म्हणे.

ईस्ट४९ | रविवार, रात्री ९:५८

अभिनंदन! व्हीआरएस घेतली असती तर आत्ता झोपला असता.

न्यूजर्सी_नागपूरकर | रविवार, रात्री १०:०६

फोटो टाका. ते कपाटातलं पानही टाका शेजारी.

फुटाळा_वॉक | रविवार, रात्री १०:१०

वा! घराजवळचे स्पीडब्रेकर मोजलेत का?

संत्रा_बर्फी | रविवार, रात्री १०:१४

गल्लीत तीन. दोन सरकारी, एक शेजारच्या काकांनी स्वतः सिमेंट आणून केलेला. तोच सगळ्यात उंच. उद्या त्यांच्याकडे संत्रा बर्फी घेऊन जाणार आहे.

आता शेवटचा प्रश्न. पुढच्या शनिवारी आणायची आहे. समृद्धीने स्वतः चालवत आणू की ट्रकवर? मन चालवत आणायचं म्हणतंय.

जुना_इंजिनवाला | रविवार, रात्री १०:१७

टायर कोणत्या सालचे म्हणालात?

संत्रा_बर्फी | रविवार, रात्री १०:१९

ट्रकवर आणतो.